शेकडा दोनचा हक्क

इंदुरातल्या आमच्या जुन्या वाड्यात, माजघराच्या कोनाड्यात, लाकडी पेटीचा एक रेडिओ असे. आषाढ लागून माळव्यावर ढग जमले की संध्याकाळी त्यातून गाण्यापेक्षा खरखरच अधिक ऐकू येई. वीज कुठेतरी देवासच्या अंगाला चमके आणि आमच्या पेटीत कोणी मांजरपाट टरकावल्यासारखा आवाज होई. माझे थोरले काका रेडिओ दुरुस्तीचा धंदा करीत. हा आवाज काढून टाकता येत नाही काय, असे मी त्यांना लहानपणी एकदा विचारले. काकांनी पेटीची मागची फळी काढली, आतल्या व्हॉल्व्हांकडे बोट दाखविले आणि सांगितले, की या रेडिओची आतली रचना ज्या माणसाने शोधली त्याच माणसाने पुढे ही खरखरही घालविली. मात्र तिच्या कमाईच्या भांडणात तो जिवानिशी गेला. नाव विचारले तेव्हा ते म्हणाले एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. त्या वेळी ते माझ्या ध्यानात राहिले नाही. पुढे मोठेपणी या गृहस्थांविषयी वाचण्याचा योग आला आणि काका गमतीने बोलत नव्हते हे कळले.

आर्मस्ट्राँग यांचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील ऑक्सफर्ड विद्यापीठ मुद्रणालयाच्या अमेरिकेतील शाखेत अधिकारी, आई लग्नापूर्वी शाळेत शिक्षिका. घर खाऊनपिऊन सुखी. लहानपणी मुलाला अंग झटकण्याचा एक आजार झाला, त्यापायी शाळा बुडाली, आणि मान व खांदा मधूनच उडविण्याची खोड जन्मभर मागे राहिली. कुटुंब हडसन नदीकाठी याँकर्स या गावी राहावयास गेले. तेथे माडीवरची खोली या मुलाने तारा, बॅटऱ्या आणि बाटल्यांनी भरून टाकली. अंगणात त्याने सव्वाशे फूट उंचीचा खांब उभारला. सगळे काम स्वतः वर चढून केलेले. उंचीचे त्याला भय नव्हतेच, उलट वेडच होते.

कोलंबिया विद्यापीठात तो विजेची अभियांत्रिकी शिकावयास लागला. त्या काळी ली डी फॉरेस्ट यांनी शोधलेला ऑडियन नावाचा तीन तारांचा दिवा, म्हणजे आपण ज्याला व्हॉल्व्ह म्हणतो त्याचा पूर्वज, बाजारात होता. पण तो आत नेमके काय करतो हे कोणालाच धडपणे उमगले नव्हते. १९१२ च्या उन्हाळ्यात या विद्यार्थ्याने एक युक्ती केली. व्हॉल्व्हमधून बाहेर पडणारा प्रवाह त्याने पुन्हा त्याच्याच तोंडाशी नेऊन सोडला. रहाटाचे पाणी पुन्हा विहिरीत सोडून तेच पुन्हा उपसावे, आणि प्रत्येक फेऱ्याला पाणी वाढत जावे, असा काहीसा हा प्रकार. कानाला फोन लावून जेमतेम ऐकू येणारे संदेश खोलीभर ऐकू येऊ लागले. तीच रचना आणखी थोडी रेटली तर व्हॉल्व्ह स्वतःच लहरी फेकू लागे. म्हणजे घेणारा आणि देणारा असे दोन्ही रेडिओ एकाच शोधात आले.

पेटंटासाठी वडिलांकडे पैसे मागितले तर ते म्हणाले, आधी पदवी घे. मुलाने आपली मोटरसायकल विकली. मामाच्या सल्ल्याने त्याने रचनेचा एक नकाशा कागदावर काढून त्यावर नोटरीची सही-शिक्का घेतला. तारीख होती ३१ जानेवारी १९१३. रीतसर अर्ज गेला तो ऑक्टोबरात. पुढे याच दिरंगाईवर न्यायालयात वर्षानुवर्षे काथ्याकूट झाला.

बरोबर एका वर्षाने, १९१४ च्या ३०-३१ जानेवारीच्या रात्री, न्यूजर्सीच्या किनाऱ्यावर बेल्मार येथील मार्कोनी कंपनीच्या एका गळक्या, थंडगार शेडमध्ये आर्मस्ट्राँग आपली पेटी घेऊन बसले होते. शेजारी कंपनीचा एक तरुण अधिकारी होता. रात्रभर दोघे पार हवाईपर्यंतचे संदेश ऐकत बसले. तो तरुण म्हणजे डेव्हिड सारनॉफ. रशियातून पोरवयात आलेला गरीब ज्यू मुलगा, तारमास्तरकी करीत करीत वर चढलेला. त्या रात्रीपासून दोघांची मैत्री जमली. सारनॉफ यांनी पुढे रेडिओच्या धंद्यात जे साम्राज्य उभारले त्याची या कहाणीत आता गरज आहे, म्हणून जरा फाटा फोडतो.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत बिनतारी विद्येची अशी गत होती, की एका कंपनीकडे व्हॉल्व्हचे पेटंट, दुसरीकडे त्याच्या जोडणीचे, तिसरीकडे आकाशतारेचे. कोणालाही दुसऱ्याचा हक्क मोडल्यावाचून एक धड रेडिओ बनविता येत नव्हता. आपल्याकडे जुन्या इनामी गावांत विहीर एका भावाची, मोट दुसऱ्याची आणि पाट तिसऱ्याच्या शेतातून, असे असले म्हणजे जे होते तेच येथे झाले होते. यावर उपाय म्हणून १९१९ साली रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका, म्हणजे आर.सी.ए., ही कंपनी निघाली. जनरल इलेक्ट्रिक, अमेरिकन टेलिफोन कंपनी आणि वेस्टिंगहाऊस यांनी पुढच्या दोन वर्षांत आपापली पेटंटे परस्परांना वापरू देण्याचे करार केले. दोन हजारांच्या आसपास पेटंटे अशी एका छत्राखाली आली. बाकीच्या कारखानदारांनी रेडिओ बनवायचा तर आर.सी.ए.चा परवाना घ्यायचा. १९२७ च्या सुमारास हा दर विक्रीच्या शेकडा साडेसात होता, आणि वर्षाला किमान एक लाख डॉलर भरावे लागत. ही सगळी पेटंटे एकगठ्ठाच मिळत, सुटी निवडता येत नसत. थोडक्यात, आर.सी.ए.ला रॉयल्टी घेण्याची सवय होती, देण्याची नव्हती. ही सवयच पुढे अनर्थास कारण झाली.

आर्मस्ट्राँग यांना या व्यवस्थेचा पहिल्याने फायदाच झाला. युद्धात ते सैन्याच्या संदेश-विभागात कॅप्टन म्हणून पॅरिसला गेले होते. तेथे १९१८ साली त्यांनी सुपरहेटरोडाइन ही रचना काढली. बाहेरून कोणतीही लहर येवो, तिच्यात घरची एक लहर मिसळून तिला एकाच ठराविक पट्टीत आणायचे आणि मग निवांतपणे मोठे करायचे. साथीदार कुठल्याही पट्टीत गावो, पेटीवाला त्याला काळी चारमध्ये आणून बसवतो असे समजा. माजघरातल्या आमच्या रेडिओपासून पुढच्या ट्रान्झिस्टरांपर्यंत जवळजवळ सारे संच याच रचनेवर चालले. १९२० साली वेस्टिंगहाऊसने ही दोन्ही पेटंटे तीन लाख पस्तीस हजार डॉलरना घेतली, आणि डी फॉरेस्टशी चाललेला दावा जिंकल्यास आणखी दोन लाख देण्याचे कबूल केले. पुढचा एक शोध त्यांनी १९२२ साली आर.सी.ए.ला विकला, तेव्हा दोन लाख डॉलर रोख आणि साठ हजार शेअर मिळाले. नंतर आणखी शेअरांची भर पडून ते त्या कंपनीचे सर्वांत मोठे वैयक्तिक भागीदार झाले. सारनॉफ यांच्याच सेक्रेटरी मॅरियन मॅकिनिस यांच्याशी त्यांनी १९२३ च्या डिसेंबरात लग्न केले. त्याच वर्षी आर.सी.ए.च्या इमारतीवरील उंच मनोऱ्यावर चढून ते वर लोंबकळले आणि त्याची छायाचित्रे काढविली. सारनॉफ संतापले व त्यांना मनोऱ्यावर पुन्हा चढण्याची बंदी केली. तरी दोघांत वितुष्ट नव्हते. कॉफी प्यायला सारनॉफ आर्मस्ट्राँगांच्या आईवडिलांच्या घरी नेहमी जात.

डी फॉरेस्ट यांच्याशी दावा मात्र चालूच होता. पहिला शोध आपलाच, असे डी फॉरेस्ट यांचे म्हणणे. ऑगस्ट १९१२ मध्ये आपल्या यंत्रातून शिटीसारखा आवाज निघाल्याची टिपण-वहीतील नोंद हा पुरावा. १९२१-२२ साली आर्मस्ट्राँग दोन न्यायालयांत जिंकले. प्रतिवादीवर दाव्याचा खर्च व नुकसानभरपाई बसली, आणि ती भरण्याची त्यांची ऐपत नव्हती. ती सोडून द्या, म्हणजे अखेरचा हुकूमनामा होईल आणि प्रकरण कायमचे मिटेल, असा सल्ला आर्मस्ट्राँगांच्या वकिलांनी दिला. आर्मस्ट्राँग ऐकेनात. दुसऱ्याच्या शोधावर हक्क सांगणाऱ्याने खर्चही भरलाच पाहिजे, हा हट्ट. हुकूमनामा झाला नाही. वाट मोकळी राहिलेल्या डी फॉरेस्ट यांनी दुसऱ्या न्यायालयात दाद मागितली व १९२४ साली ते जिंकले. १९२८ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केले. १९३४ साली पुन्हा संधी आली तेव्हा न्यायमूर्ती कार्डोझो यांनी डी फॉरेस्ट यांच्याच बाजूने निकाल दिला. अभियंत्यांच्या मते त्या निकालपत्रात यंत्राचे वर्णनच चुकले होते, पण न्यायालयाचा शब्द तो शब्द.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आर.सी.ए.च्या छत्राखाली आर्मस्ट्राँग आणि डी फॉरेस्ट या दोघांचीही पेटंटे होती. आर्मस्ट्राँगांच्या पेटंटाची सतरा वर्षांची मुदत १९३१ सालीच संपली, डी फॉरेस्ट यांचे १९२४ ला मंजूर झालेले १९४१ पर्यंत चालायचे. म्हणजे कोणी का शोध लावलेला असेना, डी फॉरेस्ट जिंकल्याने वसुलीची दहा वर्षे वाढत होती. १९३४ च्या त्या दाव्यात वादी होती ती आर.सी.ए.च. प्रतिवादी असलेल्या एका लहान कारखान्याचा खर्च आर्मस्ट्राँग स्वतः करीत होते.

निकालानंतर त्याच मे महिन्यात फिलाडेल्फियास रेडिओ अभियंत्यांची परिषद भरली. या संस्थेने आपले पहिलेच मानपदक याच शोधाबद्दल आर्मस्ट्राँगांना दिले होते. ते परत करण्याचे भाषण खिशात घेऊन ते गेले. अध्यक्षांनी त्यांना बोलूच दिले नाही. संस्था पदक परत घेणार नाही, असे जाहीर झाले, आणि हजारभर अभियंते उभे राहून टाळ्या वाजवू लागले. ते वाचताना माझा कंठ दाटून येतो. कायदा एकीकडे आणि ज्यांना यंत्र कळते ती मंडळी दुसरीकडे, असा प्रसंग विरळाच.

याच सुमारास आर्मस्ट्राँग यांचे मुख्य काम पुरे झाले होते. नेहमीच्या पद्धतीत लहरीची उंची कमीजास्त करून आवाज पाठवतात. वीज, मोटारी, कारखाने ही सर्व नेमकी तीच उंची ढवळतात, म्हणून खरखर. लहरीची उंची न हलवता तिची गती, म्हणजे सेकंदातील आंदोलने, कमीजास्त करावीत हा विचार जुनाच होता, पण टेलिफोन कंपनीच्या कार्सन यांनी १९२२ साली गणिताने तो निरुपयोगी ठरविला होता. कार्सन यांनी अरुंद पट्टा धरला होता. आर्मस्ट्राँग यांनी ऐसपैस रुंद घेतला आणि घेणाऱ्या यंत्रात उंचीचे चढउतार छाटून टाकले. त्याबरोबर खरखरही छाटली गेली. २६ डिसेंबर १९३३ रोजी पेटंटे मिळाली. हेच आपले एफ.एम.

सारनॉफ यांनी ते पाहिले. एम्पायर स्टेट इमारतीवर आर.सी.ए.ची जागाही प्रयोगाला दिली. पण १९३५ साली तेथे टेलिव्हिजनचे काम सुरू करावयाचे म्हणून सामान हलविण्यास सांगितले. सारनॉफ यांना खरखर घालविणारी एक पेटी हवी होती. समोर आली ती साऱ्या जुन्या रेडिओला मोडीत काढणारी विद्या. ज्याची दुकाने जुन्या मालाने भरलेली आहेत तो नव्याला घाई कशाला करील? आर्मस्ट्राँग यांनी आपले शेअर विकून, तीन लाखांहून अधिक डॉलर खर्चून, हडसनकाठी अल्पाइन येथे चारशे पंचवीस फूट उंचीचा मनोरा उभारला व १९३९ पासून स्वतःचे केंद्र चालविले. कोलंबियात ते प्राध्यापक होते, पण पगार घेत नसत.

लोकांनी ऐकले आणि मागणी आली. जनरल इलेक्ट्रिक, झेनिथ, स्ट्रॉमबर्ग-कार्लसन या कारखान्यांनी परवाने घेतले. दर ठरला संचामागे शेकडा दोन. १९४० साली सरकारने एफ.एम.ला स्वतंत्र पट्टा दिला. आता आर.सी.ए.लाही परवाना हवा झाला.

आर.सी.ए.चे म्हणणे असे, की दहा लाख डॉलर एकरकमी घ्या, आम्हाला कायमचा परवाना द्या, पुढे रॉयल्टीचा प्रश्न नको. आर्मस्ट्राँग म्हणाले, इतर सर्व देतात तेच शेकडा दोन तुम्हीही द्या, मोठी रक्कम नको. माझ्या समजुतीप्रमाणे सारी कहाणी या एका बैठकीत आहे. पैशाच्या दृष्टीने दहा लाख लहान नव्हते. पण आर्मस्ट्राँग यांचा हिशेब वेगळा होता. लहान कारखान्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवून टक्केवारी कबूल केली होती. सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाला सूट दिली तर पहिल्यांना फसविल्यासारखे होणार. आर.सी.ए.चाही एक हिशेब होता. शेत विकत घेणे निराळे, आणि दर सुगीला दुसऱ्याच्या खळ्यावर वाटा पोहोचविणे निराळे. एकदा वाटा देऊ लागलो, तर शेकडो परवानेदार विचारणार, की मग तुम्हालाच आम्ही का द्यायचे? वर्षभरापूर्वीच, १९३९ मध्ये, टेलिव्हिजनचे संशोधक फार्न्सवर्थ यांना दहा वर्षांत दहा लाख देण्याचा करार या कंपनीला नाइलाजाने करावा लागला होता. ती जखम ताजी होती. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते असे मला म्हणवत नाही, आर.सी.ए.ने त्या विद्येची किंमत ओळखली होती, आणि ओळखूनही टाळली. तथापि १९२२ साली दाव्याचा खर्च न सोडणारा माणूस आणि १९४० साली दहा लाख न घेणारा माणूस एकच होता, हेही दिसतेच.

मग युद्ध आले. आर्मस्ट्राँग यांनी युद्ध चालेतोवर सैन्याला पेटंटे विनामूल्य दिली. अमेरिकन रणगाड्यांचे रेडिओ एफ.एम.वर चालले. मुदतीची सतरा वर्षे मात्र थांबत नाहीत. १९४५ साली सरकारने एफ.एम.चा पट्टा उचलून वर नेला आणि लोकांच्या घरचे चार-पाच लाख संच एका फटक्यात निकामी झाले. इकडे अमेरिकन टेलिव्हिजनचा आवाज एफ.एम.नेच पाठवायचा हे १९४१ मध्येच ठरले होते. म्हणजे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टेलिव्हिजनवर शेकडा दोनचा प्रश्न उभा राहिला. आर.सी.ए.ने आपली वेगळी रचना आहे असे सांगून काही दिले नाही; तिच्या परवानेदारांपैकी बरेच जण तिच्या आडोशाला उभे राहिले.

२२ जुलै १९४८ रोजी आर्मस्ट्राँग यांनी डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे दावा दाखल केला. पाच पेटंटांचा भंग. दावा उभा राहण्यापूर्वीची जबानी १९४९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली ती वर्षभर वादीचीच चालली. तोच तोच प्रश्न निराळ्या शब्दांत. प्रतिवादीकडे वकिलांची फौज, आणि वेळ काढण्यात तोटा काही नाही, कारण १९५० च्या डिसेंबरात पेटंटांची मुदत संपत होती. सारनॉफ यांचीही साक्ष झाली. एफ.एम. वाढविण्यात आर.सी.ए.ने व तिच्या नभोवाणी कंपनीने इतर कोणाहीपेक्षा, आर्मस्ट्राँगांपेक्षाही, जास्त केले, असे त्यांनी शपथेवर सांगितले. आर्मस्ट्राँग समोर बसून ऐकत होते. बेल्मारच्या शेडमधली ती रात्र दोघांपैकी कोणाला त्या क्षणी आठवली असेल काय?

आपल्यापैकी ज्या घरांनी वाड्याच्या वाटणीचे दावे आजोबा-पणजोबांपासून चालविले, त्यांना पुढचे सांगण्याची गरज नाही. दप्तर वाढते, माणसे गळतात, कोर्टाची तारीख हेच एक पंचांग उरते. १९५३ पर्यंत पैसा संपत आला. तडजोडीचे बोलणे झाले, आर.सी.ए.कडून आलेला आकडा दोन लाख डॉलरचा होता. तेरा वर्षांपूर्वीच्या रकमेचा पाचवा हिस्सा. उतारवयासाठी मॅरियन यांच्या नावे ठेवलेली पुंजी दाव्यात घालण्यासाठी त्यांनी मागितली. मॅरियन यांनी नाकारले. नोव्हेंबरातल्या त्या भांडणात त्यांनी शेकोटीची सळई उचलली व ती पत्नीच्या दंडावर बसली. तीस वर्षांच्या संसारात असे कधी झाले नव्हते. मॅरियन बहिणीकडे निघून गेल्या. नाताळ त्यांनी एकट्याने काढला.

३१ जानेवारी १९५४ च्या रात्री त्यांनी पत्नीला पत्र लिहिले, झाल्या गोष्टीची क्षमा मागितली, थंडीचा कोट, हॅट, गळपट्टा, हातमोजे घातले आणि तेराव्या मजल्यावरील घराची खिडकी उघडली. नोटरीच्या शिक्क्याला त्या दिवशी बरोबर एकेचाळीस वर्षे झाली होती, बेल्मारला चाळीस.

मॅरियन यांनी दावा सोडला नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आर.सी.ए.शी तडजोड झाली. रक्कम दहा लाखांहून थोडी अधिक. १९४० चाच आकडा, निराळ्या हातात. मग एकामागून एक त्यांनी बाकीच्या कंपन्यांना गाठले. काही चर्चेने मिटले, इमर्सन कंपनीविरुद्ध १९५९ साली न्यायाधीशांनी आर्मस्ट्राँगांचे पेटंट उचलून धरले, आणि शेवटची मोटोरोला, तिचे अपील १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने ऐकण्यासच नकार दिला. एकूण वसुली एक कोटी डॉलरच्या घरात गेली. नवऱ्याने जे दावे लावले होते त्यांतला एकही बाईंनी हरला नाही. त्या १९७९ साली वारल्या.

आपल्या देशात एफ.एम. प्रथम लागले ते १९७७ साली, मद्रासेत. तोवर पेटंटे केव्हाच संपली होती, त्यामुळे शेकडा दोन कोणालाच द्यावे लागले नाहीत. इंदुरात ते आले तेव्हा काका थकले होते, पण कान शाबूत होते. भर पावसात मी त्यांच्यासमोर लहानसा संच लावला. विजेचा लोळ खिडकीत चमकला, गाणे जागचे हलले नाही. काकांनी संच हातात घेतला, उलटा केला, मागची फळी उघडता येते का ते पाहिले. ती उघडत नव्हती.